दत्तास पत्र: कंबर, कागद आणि कामगार विमा

सातारा
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू दोनदा एकच विचारलंस, "अपंगाचं सर्टिफिकेट मिळेल का रे, चाळीस टक्क्यांचं?" दोन्ही वेळा रेंज गेली. उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढतो. आधी कडू भाग. आज तुझ्याकडे जे कागद आहेत त्यांवर ते मिळणार नाही. पण ज्या पैशांसाठी तुला ते हवंय, ते पैसे दुसऱ्याच दारात आहेत आणि त्या दाराकडे तू फिरकलेलाच नाहीस.

सर्टिफिकेट का नाही ते बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात कंबरदुखी नाही. मणक्याचा त्रास अस्थिव्यंगात धरतात आणि टक्के ठरवायला तक्ता असतो. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दुखणाऱ्या, आखडलेल्या मणक्यासाठी पाच पायऱ्या आहेत. नुसतं दुखतंय, स्नायू आखडलेले नाहीत, तपासणीत-फोटोत काही दिसत नाही: ० टक्के. दुखतंय, स्नायू कायम आखडलेले, कंबर ताठ आणि एक्स-रेत सौम्य बदल: २०. बदल मध्यम असतील तर २५. तीव्र बदल, पण मणक्याच्या एकाच भागात: ३०. मानेपासून माकडहाडापर्यंत सगळ्या मणक्यात तीव्र बदल: ४०. तुझी मणक्यांमधली गादी सरकली आहे एल-४ एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, एकाच भागात. डॉक्टर कितीही भला असला तरी या तक्त्यात तू ३० च्या वर जात नाहीस. पहिली पायरी तर मला क्रूरच वाटते. रात्र-रात्र तळमळणाऱ्या माणसाला कागदावर शून्य! पण सर्टिफिकेट देणारं डॉक्टरांचं बोर्ड दुखणं मोजत नाही, त्या दुखण्याने शरीरात काय बिघडवलं तेवढंच मोजतं, हे एकदा पक्कं धरून चाललास की पुढचं सोपं होतं.

वर जायची वाट एकच, पायातली ताकद. नस दबून पायात अशक्तपणा आला असेल तर त्याचे टक्के वेगळे काढतात आणि मग दोन्ही जोडतात. ही साधी बेरीज नसते. मोठा आकडा घ्यायचा, ९० मधून तो वजा करून आलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणायचं, ९० ने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. मणक्याचे ३० आणि पायाचे १५ असतील तर ४५ होत नाहीत, ४० होतात. मार्च २०२४ मध्ये या सूचनांची सुधारित आवृत्ती निघाली आहे. बोर्डापुढे कधी उभं राहायची वेळ आलीच तर तिची प्रत उतरवून मणक्याचं पान वाचून जा.

ताकद गेली आहे का, हे घरीच बघता येतं. भिंतीला हात लावून टाचांवर दहा पावलं चाल, मग चवड्यांवर दहा. टाचांवर चालताना एका बाजूचं पाऊल खाली पडतं का? त्या पायाचा अंगठा वर ओढताना दुसऱ्यापेक्षा जोर कमी पडतो का? चालताना त्याच पायातली चप्पल निसटते का? यातलं काही असेल तर आधी सर्जन, सर्टिफिकेट नंतर. आणि एक गोष्ट वहिनींनाही सांगून ठेव. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पाय एकदम ढिले पडले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. सकाळची वाट बघायची नाही. तिथे तास मोजावे लागतात.

आता दुसरं दार. तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात असते, मालक वर ३.२५ टक्के भरतो. तीन वर्षं पैसे कापून घेतले, आणि तू खासगीत एमआरआय केलास, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर वीस दिवस बिनपगारी घरी बसलास. खासगी चिठ्ठीवर तिथे सरळ पैसे मिळत नाहीत. ईएसआयच्या सेवा दवाखान्यातल्या डॉक्टरने दिलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते रजेच्या पहिल्याच दिवशी घ्यायचं असतं.

आजारपणाच्या लाभात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तुझे १८,००० धरले तर दिवसाला साधारण ६०० चे ४२०. सुरुवातीचे दोन दिवस कोरडे जातात. अट एकच: ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. सहामाही कोणती, यात लोक फसतात. आत्ता नोव्हेंबरात रजेवर गेलास तर ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ ची वर्गणी बघतील. जानेवारीत किंवा त्यानंतर गेलास तर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ ची.

याच्या पुढचं तुझ्या फॅक्टरीत बहुतेकांना ठाऊक नसतं. ईएसआयकडे ३४ दीर्घ आजारांची यादी आहे आणि मणक्याची गादी सरकणं तिच्यात नाव घेऊन दिलेलं आहे. त्या यादीतल्या आजाराला ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो. दर ८० टक्के, म्हणजे तुला दिवसाला ४८०, आणि मुदत एकूण दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याला अट कडक आहे: आजार सुरू होताना सलग दोन वर्षांची नोकरी आणि मागच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी.

तुझी गोची इथेच होईल. मागच्या वर्षी ठेकेदार बदलला ना? नवा ठेकेदार बऱ्याचदा जुना विमा क्रमांक न विचारता नवाच काढतो, आणि कागदावर तुझी नोकरी वर्षभराचीच दिसते. ईएसआयच्या पोर्टलवर दोन्ही क्रमांकांची वर्गणी बघ. क्रमांक दोन निघाले तर शाखा कार्यालयात आधार कार्ड आणि दोन्ही ठेकेदारांच्या पगारचिठ्ठ्या देऊन ते एकत्र करायचा अर्ज आधी कर. रजा त्यानंतर. बँक खातं, नावाचं स्पेलिंग, आधार जुळतंय का तेही त्याच फेरीत बघून घे. पैसे अडतात ते बहुतेक असल्या किरकोळ गोष्टींवर.

लाभ चालू असताना दोन पथ्यं. ज्या दिवसाचे पैसे मागतोस त्या दिवशी कुठेही हजेरी नको, मेहुण्याच्या टेम्पोवर बसणंसुद्धा नको. दुसरं, "गावी जाऊन आठ दिवस पडतो" असं परस्पर करू नकोस. उपचार चालू असलेला भाग सोडायचा तर डॉक्टरची परवानगी लागते, नाहीतर लाभ बंद होऊ शकतो. उलट बाजूने तुलाही संरक्षण आहे. लाभ घेत असताना मालकाला तुला कामावरून काढता येत नाही. मात्र लाभ संपल्यावर खासगी नोकरीत ही ढाल राहत नाही. सेवेत असताना अपंगत्व आलं तर नोकरी न घालवता दुसरं काम द्यावं, हा दिव्यांग कायद्याचा नियम सरकारी आस्थापनांना आहे.

दुखणं कामावर काही उचलतानाच एकदम सुरू झालं असेल तर गोष्ट वेगळी. अपघात नोंदवहीत तारीख, वेळ, साक्षीदार लिहिलेले असतील तर ती कामावरची इजा होते आणि ९० टक्के मिळतात. हळूहळू वाढलेल्या कंबरदुखीला हे लावता येत नाही, आणि खोटी तारीख घालायला कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. तुझ्या एमआरआयवर तारीख आहे.

एमआरआयचं निघालंच आहे तर तो रिपोर्ट उशाशी घेऊन झोपू नकोस. न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयचा मोठा आढावा २०१५ मध्ये निघाला होता. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. "गॅप आलाय, आता हे असंच" असं जो सांगतो तो फोटो वाचतोय, तुला तपासत नाहीये. गादी सरकून पायात उतरलेली कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते. तुझे पाच महिने झाले, तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. व्यायाम, नीट समजावून सांगणं, मनाचा ताण हाताळणं आणि गरजेपुरतं दाहशामक औषध याला तिने होकार दिला. कमरेचा पट्टा, वजनं लावून ओढणं आणि अफूवर्गातली औषधं नेहमीच्या वापराला नको म्हटलं. तू पट्टा चोवीस तास बांधतोस. सोड तो. हवा तर बसमध्ये तासभर लाव.

डायक्लोफिनॅक-अ‍ॅसिक्लोफिनॅक या दाहशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज खाऊ नकोस. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिन्हीकडे त्या गुपचूप नुकसान करतात.

व्यायाम असा. चालणं दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट रस्त्यावर. दर दोन दिवसांनी दोन मिनिटं वाढव. जोडीला कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल सांगतात ते तीन: उताणं झोपून एक गुडघा वाकवायचा, कमरेखाली तळहात ठेवायचे आणि डोकं-खांदे जेमतेम उचलायचे; कुशीवर कोपर आणि गुडघा टेकून कंबर उचलायची; रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरायचं, आधी सहा वेळा, थांबून चार, थांबून दोन. श्वास रोखायचा नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून घे, यूट्यूबवर बघून कमरेतून पुढे वाकायचे व्यायाम सुरू करू नकोस. पायातली कळ वर सरकून कमरेतच दुखायला लागली तर घाबरू नकोस, ते चांगलं लक्षण. कळ खाली पोटरीकडे उतरली तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं, तर मात्रा निम्मी करायची. बंद करायची नाही.

उठल्यावर पहिला तास वाकायचं नाही. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. अंथरुणाची घडी, नळावरची बादली, बुटाची नाडी हे सगळं तासानंतर. गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोप. फरशीवर झोपायचं खूळ सोड, कापसाची मध्यम कडक गादी बरी. आणि चाकण-तळेगाव रस्त्यावर रोज मोटारसायकल! त्या हादऱ्यांपुढे कुठलाच व्यायाम टिकत नाही. कंपनीची बस पकड, वाटलं तर थांब्यापर्यंत अर्धा तास आधी चालत निघ.

आता एक पेच, त्यावर कुणी बोलत नाही. उपचार म्हणतो हाल, चाल. कागद म्हणतो, हलता येत नाही हे सिद्ध कर. या ओढाताणीत माणूस हळूहळू स्वतःचं दुखणंच जपायला लागतो. डॉक्टरपुढे मुद्दाम वाकडं होऊन दाखवायचा मोह टाळ. झोपवून पाय उचलताना तीस अंशांवर ओरडणारा माणूस बसवून पाय सरळ केल्यावर गप्प राहिला, की त्याचं खरं दुखणंही खोटं ठरतं. त्यापेक्षा वहीत रोज दोन ओळी लिही: किती मिनिटं सलग बसलो, किती उभा राहिलो, किती चाललो, किती किलो उचललं, रात्री किती वेळा उठलो. "खूप त्रास होतो" असं लिहू नकोस. "उभं राहून १२ मिनिटांनी डाव्या पोटरीत मुंग्या" असं लिही. डॉक्टरकडूनही "हलकं काम द्यावं" असं मोघम लिहून घेऊ नकोस. दहा किलोच्या वर उचलू नये, अर्ध्या तासाने बसण्या-उभं राहण्यात बदल हवा, इतकी मुदत, असं घे. मोघम चिठ्ठी एचआरच्या ड्रॉवरमध्ये जाते, आकडे असलेली सुपरवायझरला वाचावी लागते.

आणि समज, उद्या ४० टक्के मिळालेच, तरी काय हाती येतं? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० झाले, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. तुझं तीन महिन्यांतच ते ओलांडतं. एसटीत ७५ टक्के सवलत आणि व्यवसाय कर माफ, तुझ्या कामाचं मुख्यतः एवढंच. पायाच्या ताकदीचं काही निघालं तर मात्र अर्ज जरूर कर: स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, रुग्णालय निवडताना पुण्यातलं औंध किंवा ससून, फी काही नाही, एजंटला रुपया देऊ नकोस. बोर्डापुढे नुसता रिपोर्ट नेऊ नकोस, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म ने, नसांची ईएमजी-एनसीव्ही तपासणी ने. अर्ज नाकारला तर कारण लेखी माग, अपील त्याच कागदाच्या आधारे करता येतं.

सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी सेवा दवाखान्यात जा. विमा कार्ड, आधार, बँक पासबुक, फिल्म, जुन्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, आणि चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयाची अस्थिरोग विभागाची रेफरल चिठ्ठी मागून घे. रांगेत बाकावर जागा मिळेल तेव्हा बस, पण दर वीस मिनिटांनी उठून फेरी मार. नंबर गेला तर शेजारच्याला सांगून ठेवलेलं असू दे. दुपारी फोन कर, पोर्टलवर वर्गणीचे दिवस किती दिसतात ते ऐकायचंय मला.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग पट्टा कपाटात ठेवायला.

तुझा,
अविनाश