काका, ती चिप तुम्ही जपलीत

काका, सप्रेम नमस्कार.

आपल्या लॅबमधल्या तुमच्या निरोपाच्या दिवशी मी सामोसा खाऊन, नमस्कार करून निघून आले. बोलायचं ते घशातच राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलं होतंत, "तू नक्की करतेस काय?" मी सांगितलं: दोन पॉलिमर, म्हणजे साखळीसारखे लांब रेणू, चिपवर पातळ थरात पसरते; थर्माकोलमधलं पॉलिस्टायरीन आणि अॅक्रिलिकमधलं पीएमएमए. दोघांचं पटत नाही, पण साखळ्या टोकाला जोडलेल्या, त्यामुळे लांब पळताही येत नाही. तापवलं की पंचवीस-तीस नॅनोमीटरवर पट्टे पाडून बसतात. मोकळे सोडले तर अंगठ्याच्या ठशासारखे वळतात. लिथोग्राफीने, म्हणजे चिपवर बारीक नक्षी कोरायच्या तंत्राने, आधी चर पाडून दिले तर सरळ रांगेत. तुम्ही म्हणालात, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपके मशीनने द्यायचे, रेषा त्यांच्या त्या जुळतील." माझ्या सिनॉप्सिसमध्येही हे इतकं सोपं उतरलेलं नाही.

बाकीच्यांचं काय सांगू! रसायनवाले म्हणाले, चर पाडणं आमच्यात येत नाही. चर पाडणारे म्हणाले, तुमचं पॉलिमर आमच्या मशीनपाशी नको. एका ठिकाणी दोन महिने थांबून एसईएमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर, वीस मिनिटं मिळाली. चिपच्या कोपऱ्यातल्या चरांपर्यंत पोचायच्या आतच "मॅडम, वेळ संपली". पडद्यावर तोवर ठसेच ठसे. लॅबमध्ये येऊन रागाने चिप कचऱ्यात टाकली.

तीन आठवड्यांनी, पाषाणला धो धो पाऊस कोसळत असताना, तुम्ही माझ्या टेबलावर कैलास जीवनची डबी ठेवलीत. घासून लख्ख केलेली, तुपकटपणाचा मागमूस नाही. आत लेन्स पुसायचा कागद, त्यावर माझी चिप. झाकणावर पेन्सिलने तारीख आणि दोनच शब्द: "कोपरा राहिलाय."

ट्यूबलाइटखाली चिप तिरकी धरून चरांची सीडीसारखी रंगीत चमक तुम्ही मला दाखवलीत. "एवढं खोदलंयस, बघ तरी." मग कुणाला फोन केलात, देव जाणे, शनिवारी मशीन मिळालं. चरांमध्ये रेषा आखलेल्या वहीसारख्या सरळ होत्या.

पेपरात माझं नाव पहिलं आहे. दुसऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून त्याची मेहनत वेचणाऱ्याचं नाव कुठे छापतात? आभारांच्या ओळीत तुम्ही आहात, संपादकांनी काटछाट केली नाही तर.

आणि हो, डबी परत मागू नका.

तुमची,
"ती रांगोळीवाली"