टोपी सांताची, ताट केबिनमध्ये

महोदय,

डिसेंबर लागला की आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर फिरू लागतो: नाताळ म्हणजे प्राचीन रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण, नाव तेवढं बदललंय. ३० वर्षं इतिहास शिकवल्याने माझ्या हाताला खाज सुटते. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबत लांबत २३ पर्यंत जायचा. २५ ही येशूजन्माची तारीख म्हणून नोंदलेली सापडते ती इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात. दोन्हीकडे मेणबत्त्या आहेत, भेटवस्तू आहेत, पण चेहरा मिळाला म्हणून कोणी सख्खं भावंड ठरत नाही.

या वादात खरी गंमत राहूनच जाते. सॅटर्न देवाच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीने बांधलेले असत. सणात ते सोडत. गुलाम मालकाच्या पंगतीला बसत, काही घरांत तर मालकच वाढायला उभा. टोगा, म्हणजे रोमन नागरिकाचा औपचारिक पोशाख, खुंटीला, आणि मुक्त झालेल्या गुलामाची टोपी सगळ्यांच्याच डोक्यावर. जुगारालाही मुभा. रोमन लेखक धाकटा प्लिनी या गोंगाटापासून लांब, आपल्या खोलीत जाऊन बसे. (दिवाळीत मीही तेच करते.)

माझं माहेर परभणीकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांचे खांदे हळद-तुपाने मळत आणि म्हणत, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ सणाला जू नाही, चाबूक नाही, पुरणपोळी. मग पुन्हा नांगर. रोम शिकवताना मी पोळ्याचंच उदाहरण द्यायचे. सण उलटल्यावर गुलामाचं काय होत असेल, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागत नसे.

गेल्या नाताळात आमच्या गच्चीवर जेवण होतं. वॉचमनला सांता केलं. दोन तास तो त्या लाल कपड्यांत घामाघूम. पोरं दाढी ओढतायत, मोठे सेल्फी घेतायत. जेवणं सुरू झाली तसं कोणीतरी म्हणालं, ‘त्याचं ताट खाली केबिनमध्ये पाठवा.’ पुलावावर फॉइल मीच लावली.

यंदा वर्गणी दोन माणसांची भरली आणि दुसऱ्या नावाच्या जागी ‘वॉचमन’ लिहिलं. लगेच कमिटीतून फोन: ‘मॅडम, मग गेटवर कोण बसणार?’

तासभर मी बसते म्हणाले.

– एक निवृत्त शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे