वंशावळीच्या शिबिरासाठी हातभार लावा

मंडळी, नमस्कार.

आपल्या कॉलेजातला मानवशास्त्र विभाग म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि केळापूर, झरी जामणी, मारेगाव तालुक्यांतली बी.ए.ची पंचवीसेक मुलंमुली. "हे शिकून काय होते?" असं यातल्या प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे. यंदा मुलं काय करणार आहेत, तेवढंच सांगतो. उत्तर त्यात सापडलं तर बघा.

जवळच्या कोलाम पोडांवर (म्हणजे पाड्यांवर) आणि गोंड वस्त्यांवर आठ दिवस राहून मुलं घराघराची वंशावळ लिहिणार आहेत. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह. वंशावळीवरून समाज समजून घ्यायची ही पद्धत रिव्हर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने 1898च्या मोहिमेत टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर बसवली. आपल्याला ती हवी आहे सिकलसेलसाठी, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी.

आईबाप दोघंही एएस (म्हणजे नुसते वाहक) असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजारी) होण्याची शक्यता चारात एक. एएस माणसाला स्वतःला सहसा काही होत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही. 2023 साली केंद्राची मोहीम सुरू झाली, 2047पर्यंत सिकलसेल संपवायचं ठरलं आहे. तपासणी होते, कार्डही मिळतं. पण सोयरिकीच्या बोलणीत पोरीचं कार्ड पुढे ठेवायला कोणता बाप धजावेल? पोराचं कार्ड तर कुणी मागतसुद्धा नाही!

इथून पुढचं काम सूक्ष्मदर्शकाचं नाही. गोंडांत सोयरीक देवांवरून, म्हणजे घराणं किती देव पुजतं त्यावरून ठरते: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. सहा देव्यांची सहा देव्यांत होत नाही. त्यात मामाच्या पोरीवरचा हक्क आहेच. वंशावळी नीट लिहिल्या तर कोणत्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या ते दिसतं, आणि समजावणी कुणापासून सुरू करायची तेही. आमचा अंदाज, आधी मामाशी बोलावं लागेल.

मुलं कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट विचारणार नाहीत, वंशावळीत कुणाचा पॅटर्न (एएस की एसएस) लिहिणार नाहीत. नावांच्या जागी क्रमांक असतील आणि एक प्रत त्या त्या ग्रामसभेकडे राहील. 1901च्या जनगणनेच्या काळात जनगणना आयुक्त असलेल्या रिस्लेसाहेबांनी नाकाच्या मापांवरून जातीजमातींची उतरंड लावायचा घाट घातला होता. या विषयाचा तोही इतिहास आहे, आणि आम्ही तो पहिल्याच वर्षी शिकवतो.

आता खर्चाचं. अनुदानातून पगार होतात, क्षेत्रकार्याला त्यातून काही उरत नाही. गाडीभाडं, शिधा, वह्या धरून एका विद्यार्थ्यामागे साधारण 2 हजार रुपये लागतात. शिवाय निम्मी मुलं कापूस वेचणीला जाणारी. आठ दिवस शिबिराला आलं की तेवढी मजुरी बुडते, आणि मुली तर घरून सुटतच नाहीत. ही मजुरी भरून द्यायची आमची इच्छा आहे. "शिकायला येता आणि पैसे मागता?" असं एका सभेत विचारलं गेलं. होय, मागतो.

दुसरा खर्च दुभाष्यांचा. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीवाल्याला ऐकून उमगत नाही, आणि म्हातारी माणसं नाती कोलामीतच सांगतात. पोडावरच्याच पोरापोरींना हे काम देऊ, रोजचं मानधन देऊन. फुकट राबवून घ्यायचं नाही, यावर समितीत एकमत आहे.

पैसे कॉलेजच्या कार्यालयात भरा, पावती घ्या. पैसे जमत नसतील तर तांदूळ, तूरडाळ, तेल, सतरंज्या चालतील. वापरात नसलेला व्हॉइस रेकॉर्डर कुणाकडे पडून असेल तर तो द्या. क्रूझरवाल्यांनी जायचा आणि यायचा असे दोन दिवस काढले तर मोठंच ओझं उतरेल. आपल्यातल्या नर्सताई, आशाताई, लॅब टेक्निशियन यांनी एक संध्याकाळ मुलांशी बोलावं, ही वेगळी विनंती. देणगीदारांच्या नावाचा फलक लागणार नाही. भिंतच एक आहे, तिच्यावर नकाशा आहे.

संक्रांतीच्या आत कळवा. वेचणी लांबली तर शिबिराची तारीख पुढे ढकलू. पैसे कमी पडले तर पोडं कमी करू, दुभाष्यांचं मानधन नाही.

— माजी विद्यार्थी समिती, मानवशास्त्र विभाग