मंगलाष्टके झाली, लायसन्स टपालात पडले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या मराठी लग्नांवरचा लेख वाचला. फोटो छान आहेत. एका हाताने धोतर सावरत, दुसऱ्या हातातल्या फोनवर बघून मंगलाष्टके म्हणणारा नवरदेवाचा मित्र तर फारच गोड. माझी हरकत त्याला नाही, शेजारच्या चौकटीला आहे. ऑनलाइन फॉर्म भरा, पाच मिनिटांत ‘मिनिस्टर’ (म्हणजे चर्चचा धर्मगुरू) व्हा आणि पन्नासपैकी कोणत्याही राज्यात कायदेशीर लग्न लावा, असे तीत ठळक अक्षरांत छापले आहे. यंदाच्या लग्नसराईत किती आईबाप या चौकटीचा फोटो काढून मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील, याचा विचार छापण्याआधी झाला असता तर बरे झाले असते.

फॉर्मचे खरे आहे. कर्बी हेन्स्ली यांनी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी १९६२ साली युनिव्हर्सल लाइफ चर्च काढले. तिथे पूर्वी टपालाने आणि आता इंटरनेटवरून, नाव-पत्ता दिला की मिनिस्टरपदाची दीक्षा मिळते. पण दीक्षा देणे हा संस्थेचा अधिकार झाला. ती मानायची की नाही, हे ते ते राज्य ठरवते. लग्नाचा कायदा तिकडे राज्यांचा आहे, वॉशिंग्टनचा नाही.

टेनेसीने १ जुलै २०१९ पासून कायद्यातच लिहून टाकले की ऑनलाइन दीक्षा घेतलेल्यांनी लग्न लावू नये. त्याला फेडरल न्यायालयात आव्हान दिले गेले, हे मान्य. पण नॅशव्हिलला हॉल बुक केलेल्या जोडप्याने त्या खटल्याच्या होमात स्वतःची आहुती कशाला द्यावी? व्हर्जिनियात मित्राला आधी सर्किट कोर्टाच्या क्लार्कपुढे दीक्षेचा आणि धर्मसंस्थेशी चालू असलेल्या संबंधाचा पुरावा ठेवावा लागतो, आणि युनिव्हर्सल लाइफच्या मिनिस्टरांना हा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच नाकारला आहे. पेनसिल्व्हेनियाची तऱ्हा आणखी वेगळी. यॉर्क काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) न्यायालयाने २००७ साली अशा मिनिस्टरने लावलेले लग्न अवैध ठरवले आणि पुढच्याच वर्षी बक्स काउंटीने तसलेच लग्न वैध ठरवले. राज्य एकच, आणि दोन न्यायालयांत गाडीने दोनेक तासांचे अंतर.

नॉर्थ कॅरोलायनाचे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण लेखातला दुसरा फोटो तिथल्याच कॅरी गावचा आहे. लिंच नावाच्या गृहस्थाचे पहिले लग्न मुलीच्या वडिलांनीच लावले. सासरेबुवा कॅथलिक, चर्चमध्ये कसलेही पद नाही, १० डॉलर भरून टपालाने युनिव्हर्सल लाइफचे प्रमाणपत्र मागवलेले. पुढे जावईबापूंनी दुसरे लग्न केले. सरकारने द्विभार्येचा खटला भरला आणि शिक्षा झाली. १९८० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण पहिले लग्न कायद्याने लागले होते हेच सरकारला सिद्ध करता आले नाही. टपालाने मिनिस्टर झालेल्या माणसाने लावलेला तो विधी निदान त्या खटल्यापुरता लग्न ठरला नाही. जावई सुटला. मुलगी मात्र, खुद्द बापाने लग्न लावूनही, त्या निकालापुरती बिनलग्नाची ठरली. ‘सावधान’ नेमके कोणाला म्हणायचे असते, हे कधी नव्हे इतके इथे कळते.

त्यानंतर १९८१ साली विधिमंडळाने खास कलम घालून, ३ जुलै १९८१ पूर्वी युनिव्हर्सल लाइफच्या मिनिस्टरांनी लावलेली लग्ने वैध केली. त्या तारखेनंतरच्या लग्नांवर हे छत्र नाही. १९८५ साली तिथल्या अपील न्यायालयाने असे लग्न शून्य नव्हे तर शून्यकरणीय मानले, म्हणजे कोणी कोर्टात जाऊन मोडेपर्यंत ते उभे. अक्षता पडताना कोणीच मोडायला येत नाही. येतो तो घटस्फोटाच्या वेळी समोरच्याचा वकील किंवा माणूस गेल्यावर वाटणीला आलेला दीर. ग्रीन कार्डच्या कचेरीतही पहिली कसोटी हीच असते, की जिथे लग्न लागले तिथल्या कायद्याने ते वैध होते का. ‘इतकी वर्षे कोणी विचारले नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता लेखात ज्याबद्दल अवाक्षर नाही त्याकडे येतो. लेखिकेने ‘लायसन्स’ आणि ‘सर्टिफिकेट’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. लायसन्स म्हणजे लग्नाआधीचा परवाना, जो वधूवरांनी स्थानिक सरकारी क्लार्ककडून काढायचा. सर्टिफिकेट म्हणजे लग्नाची नोंद झाल्यावर मिळणारा दाखला. परवाना मिळाल्यावर न्यूयॉर्कमध्ये २४ तास थांबावे लागते आणि ६० दिवसांच्या आत लग्न लावावे लागते. टेक्सासात ७२ तास थांबायचे, मुदत ९० दिवसांची. कॅलिफोर्नियात थांबायची गरज नाही, मुदत तेवढीच. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी दुपारी परवाना काढून शनिवारी सकाळचा मुहूर्त धरणाऱ्यांचे गणित इथेच चुकते. शिवाय परवाना त्या राज्यापुरताच. एडिसनचे वधूवर न्यू जर्सीचे लायसन्स खिशात घालून डेलावेअर नदी ओलांडतात आणि पोकोनोज डोंगरातल्या रिसॉर्टमध्ये उभे राहतात. तिथे पेनसिल्व्हेनिया लागते. मित्र पक्का शंकराचार्य असला तरी तो कागद तिथे कामाचा नाही.

विधीबद्दल न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोघेही उदार आहेत. मंत्र कोणते म्हणायचे, हे कायदा सांगत नाही. तो एवढेच मागतो की लग्न लावणाऱ्यासमोर आणि साक्षीदारासमोर वधूवरांनी एकमेकांना जोडीदार म्हणून स्वीकारत असल्याचे स्वतः सांगावे. मित्राच्या हाती सूत्रे गेली की नेमके हेच राहते. तो कॉलेजच्या आठवणी सांगतो, अंतरपाट दूर होतो, हार पडतात, ढोल सुरू होतो आणि त्या दोघांनी तोंड उघडलेलेच नसते. सप्तपदीनंतर मित्राने ढोलवाल्यांना हाताने थांबवून दोघांना एकेक प्रश्न विचारावा आणि ऐकू येईल असा ‘हो’ घ्यावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

सह्या जेवणाआधी, काळ्या शाईने, आणि कॉकटेलच्या आधी तर नक्कीच. कॅलिफोर्नियात खाडाखोड किंवा व्हाइटनर केलेले लायसन्स काउंटी परत पाठवते आणि पैसे भरून दुसरी प्रत काढावी लागते. हुद्द्याच्या रकान्यात ‘मित्र’ लिहू नये. ज्या अधिकाराने लग्न लावले तो लिहावा. सही झाली की तो कागद क्लार्ककडे परत करायची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची आहे, नवरानवरीची नव्हे. न्यूयॉर्कमध्ये त्याला ५ दिवस मिळतात, कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलायनात १० दिवस, टेक्सासात ३०. नॉर्थ कॅरोलायनात मुदत चुकली तर २०० डॉलरचा भुर्दंड आहे आणि वर तो गुन्हाही आहे. व्यवसायाने भटजी असलेला माणूस हे काम दक्षिणेच्या पाकिटाबरोबरच उरकतो. मित्र सोमवारच्या विमानाने सिअ‍ॅटलला परत जातो. लायसन्स शेरवानीच्या खिशात, शेरवानी ड्रायक्लीनला.

कॅलिफोर्नियाचा कायदा दयाळू आहे. तिसऱ्या माणसाच्या अशा चुकीने लग्न अवैध होत नाही, असे तो म्हणतो. पण नोंद नाही म्हणून सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणून त्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) नाही, आणि इकडच्या कचेरीत नुसते लग्नाचे अल्बम दाखवून भागत नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारे कार्ड, जोडीदाराच्या नात्याने काढायचे तर नोंदलेल्या लग्नाला २ वर्षे झालेली लागतात. नोंदच लटकली तर जोडपे पुढच्या पायरीवर जातच नाही.

मित्रानेच लग्न लावावे अशी हौस असेल तर सरळ रस्ते आहेत. एवढ्या मोठ्या लेखात त्यांतला एकही नसावा? मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरकडे अर्ज आणि २५ डॉलर दिले की मित्राला एका दिवसापुरता अधिकार मिळतो. दीक्षाबिक्षा काही नको. न्यूयॉर्कने २८ मार्च २०२३ पासून असाच एक दिवसाचा परवाना सुरू केला, शुल्क तेच, २५ डॉलर. याच न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली अपील न्यायालयाने युनिव्हर्सल लाइफच्या मिनिस्टरने लावलेले लग्न शून्य ठरवले होते, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी तरी फुकटच्या दीक्षेपेक्षा हे २५ डॉलर खर्चावेत. कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्या मित्राला लग्न लावण्यापुरता एका दिवसाचा डेप्युटी कमिशनर करतात. पेनसिल्व्हेनियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतले असे लायसन्स मिळते, ज्यात लग्न लावणारा कोणी लागतच नाही, दोन साक्षीदार पुरतात. कोलोरॅडोत वधूवर स्वतःच स्वतःचे लग्न लावू शकतात. अलाबामात तर २०१९ पासून विधीही नको, नोटरीपुढे सही केलेला फॉर्म ३० दिवसांत प्रोबेट कोर्टात दिला की झाले. काही जोडपी आदल्या आठवड्यात सिटी हॉलमध्ये सह्या करून घेतात. हा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे, फक्त पुढे प्रत्येक अर्जात सर्टिफिकेटवरचीच तारीख लिहावी, पत्रिकेवरची नाही. दोन तारखांनी जितके अर्ज अडकतात तितके बहुधा पत्रिका न जुळल्यानेही अडकत नसतील.

नावाच्या रकान्याबद्दलही एक ओळ हवी होती. कॅलिफोर्नियात लग्नानंतरचे नाव लायसन्स काढतानाच लिहावे लागते आणि लेखनिकाची चूक सोडली तर नंतर त्यात दुरुस्ती होत नाही. आपल्या पद्धतीने वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे पहिले नाव घालायला जाल तर तो पर्याय त्या रकान्यात नाही. मधल्या नावात आडनाव किंवा मधले नाव आणि आडनाव यांची जोडणी एवढेच चालते.

त्याच चौकटीतले शेवटचे वाक्य ‘भारतात मात्र मित्राला लग्न लावता येत नाही’. हे नेमके उलटे आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चे कलम ७ विधी मागते, भटजीची पदवी मागत नाही. वर किंवा वधू, कोणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे. सप्तपदी त्या रूढीत असेल तर सातव्या पावलावर लग्न पूर्ण होते. महाराष्ट्रात नोंदणीच्या नमुना ‘ड’वर लग्न लावणाऱ्याची आणि तीन साक्षीदारांची सही लागते, त्याचे वेदाध्ययन कोणी विचारत नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला आणि पुढे ओतूरकडच्या जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी कोर्टाची पायरी चढली, हे महाराष्ट्रातल्या वृत्तपत्राला वाचकाने पत्र पाठवून सांगायचे का? विधी अजिबात न करता नुसता नोंदणीचा कागद मिळवला तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मित्राचा अधिकार संपतो तो विशेष विवाह कायदा १९५४ खाली. तिथे विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार हवेत, त्यामुळे मित्राने साक्षीदाराच्या रांगेत उभे राहावे.

आणि याच लग्नाला आपले वृत्तपत्र वर्षानुवर्षे ‘कोर्ट मॅरेज’ म्हणत आले आहे, कालच्या लेखात तीन वेळा. विवाह अधिकारी कोर्टात बसत नाही, तो विवाह नोंदणी कार्यालयात बसतो. कोर्टाचा संबंध येतो तो बहुतेकांना नंतर. ‘नोंदणी विवाह’ हा सोपा मराठी शब्द असताना हा हट्ट का?

दुरुस्ती छापणार असाल तर ती चौकटीतच आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. पान सातच्या तळाला, हवामानाच्या खाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे