पन्हाळेकाजीच्या लेण्यांचा इतिहास अर्धा सांगू नका

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे आपल्याच मंत्रालयाकडे आहेत, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

इथला कातळ पहिल्यांदा खोदला तो बौद्ध भिक्खूंनी, सुमारे तिसऱ्या शतकात. पुढे वज्रयानी, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध आले. महाचंडरोषण या त्यांच्या देवतेची मूर्ती त्यांची. मग शिलाहार राजांच्या काळात शैव, गाणपत्य म्हणजे गणपतीचे उपासक, आणि त्यांच्यामागून नाथपंथी. जिथे भिक्खू राहत होते तिथे शिवलिंग आलं, गणपती आला. एकोणिसाव्या लेण्यात मान वर करून छत पाहावं, रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेले आहेत. थोडं लांब असलेल्या गौर लेण्यात भिंतीवर नाथसिद्ध ओळीने बसलेले दिसतात. हजार वर्षांहून जास्त काळ एकाच डोंगरात माणसं आपापला देव कोरत राहिली. कोकणात असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

आणि तरी वाद एवढाच, की हे मूळ कुणाचं? उत्तर सरळ आहे. मूळ बौद्धांचं. ते ठळक अक्षरांत लिहायला सरकारने कचरू नये. त्याने महादेवापुढे हात जोडणाऱ्याचं काही कमी होत नाही. मीही तिथे हात जोडते. उलट नंतरची शिल्पं अतिक्रमण म्हणून हिणवणंही चूकच. नाथांचं पन्हाळेकाजी वगळून महाराष्ट्राच्या नाथपंथाचा इतिहास पुरा होत नाही.

म. न. देशपांडे यांनी सर्वेक्षणासाठी लिहिलेला या लेण्यांवरचा ग्रंथ १९८६ साली निघाला. तो इंग्रजीत आहे. तो मराठीत आणा, शाळांना परवडेल अशा किमतीत. प्रत्येक लेण्यापाशी मराठी फलक हवा: आधी कोण, नंतर कोण, आणि ते कशावरून ठरवलं. ११३९ सालच्या शिलाहार ताम्रपटात गावाचं नाव प्रणालक आहे. त्याची प्रतिकृती आणि मराठी अर्थ इथेच पाहायला मिळू दे.

शिल्पांना तेल, शेंदूर, ऑइलपेंट लागू नये यासाठी कायम माणूस नेमा. आमच्याकडचा पाऊस आपण जाणताच. डोंगरावरून येणारं पाणी लेण्यांत शिरू नये म्हणून वरचे चर मे महिन्यातच साफ व्हायला हवेत. ते काम यंदापासूनच सुरू करण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपली,
दापोली तालुक्यातील एक शिक्षिका