ड्रायव्हरच्या प्रशिक्षणाची फी आणि इन्कम टॅक्स: पावती कोणाच्या नावाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोल, डिझेल, गॅस किंवा रसायनांचा टँकर चालवायला नुसते जड वाहनाचे लायसन पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे लायसन तीन वर्षे चालते आणि नूतनीकरणाच्या वेळी उजळणीचा वर्ग करावा लागतो. फी, जाण्यायेण्याचे भाडे, जेवणखाण आणि बुडालेली रोजी धरली तर हा खर्च ड्रायव्हरच्या खिशाला जाणवण्याइतका होतो. मग ‘रिटर्नमध्ये टाका, परत मिळतात’ असे कोणीतरी सांगते. ते कोणाच्या बाबतीत खरे आणि कोणाच्या बाबतीत खोटे, हे नीट मांडण्यासाठी हे पत्र.

आधी एक खुलासा. पुढची कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे रिटर्न त्याच कायद्याने भरायचे आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण या विषयातली मूळ तत्त्वे तीच राहिली आहेत.

सगळ्यात पहिले काम म्हणजे आयकर पोर्टलवर जाऊन आपला फॉर्म २६एएस उघडणे. आपल्या नावावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कोणत्या कलमाखाली कापला आहे, ते त्यात दिसते. १९२ असेल तर तुम्ही पगारदार. १९४सी असेल तर पैसे देणाऱ्याने तुम्हाला ठेकेदार धरले आहे. १९४ओ असेल तर ॲपवरच्या टॅक्सीच्या फेऱ्यांवर कंपनीने कापलेला कर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ०.१ टक्का आहे. टीडीएसचे कलम हा कायदेशीर नात्याचा अखेरचा पुरावा नव्हे, पण कोणता फॉर्म भरायचा आणि खर्च दाखवता येईल की नाही, याची सुरुवात तिथूनच होते. पुष्कळ गोंधळ इथे होतो: ड्रायव्हर स्वतःला नोकर समजतो, मालकाच्या हिशेबाच्या वह्यांत तो ठेकेदार असतो आणि रिटर्न तिसऱ्याच प्रकारचे भरले जाते.

पगारदार ड्रायव्हरपुरते उत्तर सरळ आहे: प्रशिक्षणाच्या खर्चाची वजावट नाही. पगाराच्या उत्पन्नातून काय वजा होते ते कलम १६ सांगते. त्यात प्रमाणित वजावट (प्रत्यक्ष खर्च न बघता सरसकट मिळणारी रक्कम) आहे, जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपये आणि नव्या पद्धतीत ७५,००० रुपये. जुन्या पद्धतीत व्यवसाय करही वजा होतो. कामासाठी केलेला प्रत्यक्ष खर्च दाखवायला तिथे रकानाच नाही. प्रमाणित वजावट त्यासाठीच धरलेली आहे, मग तुमचा खर्च शून्य असो की वीस हजार.

रकाना नाही म्हटल्यावर काही जण वाट शोधतात आणि ड्रायव्हिंग स्कूलची फी कलम ८०सी मध्ये शिक्षण शुल्क म्हणून टाकतात. हे चूक आहे. ८०सी मधले शिक्षण शुल्क मुलांचे, तेही दोनच मुलांचे आणि पूर्णवेळ शिक्षणाचे असते. स्वतःची फी त्यात बसत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ८०सी ची वजावटच मिळत नाही. दुसरी पळवाट ८०ई ची. तिथे शैक्षणिक कर्जावरचे व्याज वजा होते, पण ते बारावीनंतरच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावरचे. तीन दिवसांच्या वर्गासाठी हातउसने घेतलेल्या पैशांचा त्याच्याशी काही संबंध नाही. खोटी वजावट दाखवून उत्पन्न कमी केल्याचे उघड झाले, तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो. नोटीस पॅन ज्याचे त्याला येते, रिटर्न भरून देणाऱ्या एजंटाला नाही. आधीच असे रिटर्न भरले गेले असेल, तर सुधारित रिटर्नची मुदत संपल्यावरही अद्ययावत रिटर्न भरून चूक दुरुस्त करता येते. संबंधित कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ती सोय आहे. उशिराप्रमाणे कर आणि व्याजावर २५ ते ७० टक्के जादा रक्कम भरावी लागते.

शिवाय हा सगळा खटाटोप बहुतेक पगारदार ड्रायव्हरना लागतच नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराची प्रमाणित वजावट धरली तर ही मर्यादा पावणेतेरा लाख होते. महिना ३२,००० पगार म्हणजे वर्षाचे ३,८४,०००. ज्यावर कर शून्यच आहे, त्यातून आणखी तीन हजार वजा करून हाती काय येणार? टीडीएस कापला गेला असेल तर तो नुसते बरोबर रिटर्न भरूनही परत येतो.

(जुन्या पद्धतीत राहिलेल्यांनी फीपेक्षा भत्त्याकडे बघावे. वाहन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना ड्यूटीवरच्या स्वतःच्या खर्चासाठी भत्ता मिळत असेल आणि वेगळा दैनिक भत्ता घेतला नसेल, तर आयकर नियमांतल्या नियम २बीबी प्रमाणे २०२५-२६ साठी त्याचा ७० टक्के भाग, महिना १०,००० रुपयांच्या मर्यादेत, करमुक्त आहे. १२,००० भत्ता असेल तर ८,४०० सुटतात. नव्या पद्धतीत ही सूट नाही.)

आता गाडी स्वतःची असणारे. यांच्या बाबतीत ‘धंद्याचा खर्च आहे, वजा होणारच’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणारे बहुतेक जण कलम ४४एई खाली अंदाजित उत्पन्न दाखवतात. एकूण वजन १२ टनांपेक्षा जास्त असलेल्या गाडीला दर टनामागे दरमहा १,००० रुपये आणि त्याहून हलक्या गाडीला दरमहा ७,५०० रुपये. महिन्याचा एक दिवस जरी गाडी तुमच्या मालकीची असली तरी तो पूर्ण महिना धरतात, आणि गाडी उभी राहिली म्हणून सूट मिळत नाही. २८ टनांच्या एका ट्रकचे वर्षाचे उत्पन्न ३,३६,००० होते, दोन ट्रकांचे ६,७२,०००. डिझेल, टायर, विमा, घसारा, ड्रायव्हरचा पगार, प्रशिक्षण हा सगळा खर्च या आकड्यात आधीच वजा झाला, असे कायदा मानतो. म्हणून आयटीआर-४ (अंदाजित उत्पन्नासाठीचा रिटर्नचा फॉर्म) भरून वर प्रशिक्षणाचा खर्च वेगळा दाखवता येत नाही.

प्रवासी टॅक्सीवाल्यांना ४४एडी आहे. रोखीच्या जमेवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर ६ टक्के. इथेही खर्च वेगळा मिळत नाही. कमी नफा दाखवून बाहेर पडायचे तर पुढची पाच वर्षे ४४एडी मध्ये परत येता येत नाही, आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही करावे लागते. ४४एई ला पाच वर्षांची अट नाही, पण कमी उत्पन्न दाखवायचे तर वह्या-ऑडिट तिथेही आहेच. तीन-चार हजारांच्या फीसाठी ऑडिटची फी भरणे हा तोट्याचा सौदा आहे.

प्रशिक्षणाचा खर्च खऱ्या अर्थाने वजा होतो तो नियमित वह्या ठेवणाऱ्या मालकाला, कलम ३७(१) खाली. खर्च सर्वस्वी धंद्यासाठी असावा, घरगुती किंवा भांडवली नसावा, इतकी अट. एक उदाहरण घेऊ. मालकाने सहा ड्रायव्हरना वर्गाला पाठवले. समजा फी माणशी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. एकूण २१,२४० रुपये. मालकाचे उत्पन्न १६ ते २० लाखांच्या टप्प्यात असेल, तर २० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरून त्याचे सुमारे ४,४०० रुपये वाचतात. पण हीच रक्कम एका दिवसात एका संस्थेला रोखीने दिली तर कलम ४०ए(३) आडवे येते: दहा हजारांवरचा रोख खर्च नामंजूर, आणि नामंजूर होतो तो पूर्ण, दहा हजारांच्या वरचा भागच नव्हे. मालवाहू गाड्यांच्या भाड्याला असलेली ३५,००० ची मर्यादा प्रशिक्षणाच्या फीला लागू नाही. यावर बरेच जण फसतात. पैसे अकाउंट पेयी चेक, बँक ट्रान्सफर किंवा यूपीआयनेच द्यावेत.

कागद चार लागतात: मालकाच्या नावाचे बिल, बँकेची नोंद, प्रशिक्षण घेतलेल्या ड्रायव्हरांची यादी आणि प्रत्येकाच्या प्रमाणपत्राची प्रत. प्रमाणपत्रावरचे नाव लायसनवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळवून घ्यावे. आरटीओतही तेच आडते. त्या दिवसांची मजुरी आणि भाडे मालकाने दिले असेल तर तोही धंद्याचा खर्च आहे. त्याचे व्हाउचर सही घेऊन ठेवावे. वाहतुकीच्या चलनाचा दंड मात्र या खर्चात मिसळू नये. दंड कलम ३७ खाली मुळीच वजा होत नाही, आणि एका व्हाउचरवर दोन्ही असले की तपासणीत चांगला खर्चही संशयात येतो.

स्वतःच गाडी चालवणाऱ्या मालकाने नूतनीकरणाचा उजळणी वर्ग केला तर तो चालू धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. पहिल्यांदाच हलक्यावरून जड वाहनाचे लायसन काढले, तर अधिकारी त्याला वैयक्तिक किंवा भांडवली खर्च म्हणू शकतो. आणि गाडी घेऊन धंदा सुरू होण्याआधीचा वर्ग असेल तर वजावट विसरावी. धंदा उभा राहण्याआधीचा खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र वेगळाच आहे, आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण तो आहे. मालक फी भरतो, बिल आपल्या नावाने घेतो, खर्च वजा करतो आणि मग दरमहा हजार-हजार करून तेच पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. हिशेबाच्या दृष्टीनेही हे चूक आहे: वसूल झालेली रक्कम मालकाने जमेला धरली पाहिजे, नाहीतर न झालेल्या खर्चाची वजावट घेतल्यासारखे होते. ड्रायव्हरचा पगार मात्र करासाठी कापण्याआधीचाच, पूर्ण धरला जातो. सवलत मालकाला, बोजा ड्रायव्हरवर.

उलट व्यवस्था असेल तर दोघांचेही भले आहे. मालकाच्या कामासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाची फी मालकाने थेट संस्थेला दिली, तर ती ड्रायव्हरच्या पगारात मिळवली जात नाही. पण पावती ड्रायव्हरच्या नावाने फाडून मालकाने नंतर पैसे परत केले, तर ‘नोकराचे देणे मालकाने फेडले’ असा अर्थ कलम १७(२) खाली निघू शकतो. खर्च तोच, फरक फक्त पावतीवरच्या नावाचा.

पगारदार ड्रायव्हरना प्रशिक्षणासाठी वेगळी वजावट द्या, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती निरुपयोगी वाटते. ज्यांचा कर शून्य आहे त्यांना वजावट देऊन काहीच मिळत नाही. धोकादायक मालाच्या गाडीचा ड्रायव्हर प्रशिक्षित आहे हे पाहण्याची जबाबदारी मोटार वाहन नियमांतल्या नियम १३२ ने वाहतूकदार आणि मालकावर टाकली आहे, आणि त्या खर्चाची वजावट मिळायची तर ती मालकालाच मिळते. म्हणून पैसेही त्यानेच द्यायला हवेत. पानेवाडी आणि लोणी काळभोरच्या डेपोंतून माल उचलणाऱ्या वाहतूकदारांशी तेल कंपन्या करार करतात, त्यात ‘नियम ९ चे प्रशिक्षण वाहतूकदाराच्या खर्चाने, पगारातून वसुली नाही’ अशी एक ओळ घालता येईल. प्रशिक्षण संस्थांनीही नोंदणीच्या वेळी फी कोण भरतो ते विचारून बिल त्याच्याच नावाने, मालकाच्या जीएसटी क्रमांकासह काढावे. ड्रायव्हरांनी तोवर एवढे करावे: पगाराच्या चिठ्ठीवर ‘प्रशिक्षण कपात’ दिसली, तर तिची प्रत आणि मालकाने भरलेल्या बिलाची प्रत मागून ठेवावी.

आपला,
एक करसल्लागार, पुणे