नीरा काळाच्या पुढे नव्हती

संपादक महोदय,

महिला दिन जवळ आला की ‘सशक्त नायिकां’च्या चित्रपटांच्या याद्या छापून येतात. त्यांत प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) असतोच, आणि तो असायलाच हवा. मात्र त्यातील नीरा ‘काळाच्या पुढे’ होती, असे जे सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. नातेवाइकांनी म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा (शांता आपटे) काकासाहेबांना नवरा मानायला साफ नकार देते. पण तसाच नकार तिच्या पन्नास वर्षे आधी रखमाबाईंनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दिला होता.

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई दादाजी भिकाजींकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने दिलेला निकाल अपिलात फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असे फर्मावले, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. (‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला लिहिलेली पत्रे आम्हा पत्रलेखकांनी तरी वाचावीत.)

‘कुंकू’च्या शेवटी काकासाहेब आत्महत्या करतात. अनेकांना हा शेवट भडक वाटतो. मला तो त्या काळच्या कायद्याने लिहिलेला वाटतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे विवाहाचे वय १४ केले खरे, परंतु नीरासारख्या जाणत्या मुलीला त्याचा उपयोग नव्हता. काडीमोडाची रीत असलेल्या जातींची गोष्ट वेगळी. नीराच्या घरात ती सोय नव्हती, आणि मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला तो १९४७ मध्ये, तर देशभर १९५५ मध्ये. नायिकेला मोकळे करायचे तर नवऱ्याला मारण्यावाचून कथाकारापुढे दुसरी वाट कोणती होती?

रखमाबाईंवर झाला तसा, नांदायला येण्यासाठीचा दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ नुसार आजही लावता येतो. कैद गेली, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे कलम वैध ठरवले आहे. पुढची यादी छापताना ‘कुंकू’च्या चौकटीत एवढ्या दोन ओळींना जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे